बॉगी क्रीकच्या काठावर

अमेरिकेहून परत आलेल्या बाईला आपण सगळ्याजणी पहिला प्रश्न कोणता विचारतो? "काय हो, नायगारा पाहिलात का?" मलाही तोच विचारला गेला. मोठ्या जाऊबाईंनी विचारला, समोरच्या काकूंनी विचारला, आमच्या शाळेतल्या बाईंनी तर मधल्या सुट्टीत सगळ्यांसमोर विचारला. नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी अशी काही कणव उमटली, की पुढचं सांगायचा धीरच होईना. कारण पुढचं असं होतं, की नायगाऱ्याऐवजी मी एक दलदल पाहून आले. जेमतेम आठशे वस्तीचं खेडं, गढूळ पाण्याचा ओढा, आणि ढेकणाएवढे डास. आणि हे सारं कशापायी, तर पन्नास वर्षांपूर्वीच्या एका भुताटकीच्या सिनेमापायी!

मैत्रिणींनो, आधी हसून घ्या. मीही हसलेच होते. पण त्या एका दिवसाने मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला जे दिलं, ते नायगाऱ्याने दिलं असतं असं मला वाटत नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी धाकटी टेक्सासमध्ये, डॅलस शहराजवळ राहते. तिच्या यजमानांचं काम फिरतीचं. सोमवारी पहाटे विमानाने जायचं, ते गुरुवारी रात्री परत. चार दिवस घरात ती आणि बारा वर्षांचा मुलगा. मुलगा गुणी, अभ्यासात बरा. पण एक खूळ डोक्यात. खूळ म्हणजे बिगफूटचे सिनेमे! खोलीच्या भिंतीवर त्याचीच चित्रं, कपाटात त्याचीच पुस्तकं. "मावशी, तुला बिगफूट माहीत नाही?" असं त्याने इतक्या आश्चर्याने विचारलं, की मला रामाचं नाव माहीत नसावं तसं वाटलं.

तुम्हालाही माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या रानात सात-आठ फूट उंचीचा, अंगभर केसांचा, दोन पायांवर चालणारा एक प्राणी आहे, ना धड माणूस ना धड वानर, अशी तिकडे समजूत आहे. आपल्या हिमालयातला यती म्हणा ना. मूळच्या रहिवाशांमध्ये अशा रानमाणसांच्या कथा जुन्याच आहेत, पण 'बिगफूट' हे नाव गाजलं १९५८ साली. उत्तर कॅलिफोर्नियात जंगलातून रस्ता काढण्याचं काम चालू होतं. तिथे बुलडोझर चालवणाऱ्या जेरी क्रू नावाच्या माणसाला चिखलात प्रचंड मोठे पायाचे ठसे दिसले. त्याने त्याचा प्लॅस्टरचा साचा घेतला, स्थानिक वर्तमानपत्राने फोटो छापला, आणि नाव सर्वतोमुखी झालं. १९६७ साली त्याच भागात रॉजर पॅटरसन आणि बॉब गिमलिन या दोघांनी एक मिनिटभराची फिल्म काढली. त्यात एक केसाळ आकृती चालता चालता मागे वळून पाहते. त्या वळून पाहण्यावरून आजही वाद चालू आहे. मात्र २००२ साली रस्त्याच्या त्या कामाचा ठेकेदार रे वॉलेस वारला, तेव्हा त्याच्या घरच्यांनी कोरलेले मोठाले लाकडी पाय काढून दाखवले आणि सांगितलं, की ते ठसे म्हणजे त्यांची थट्टा होती! आजवर ना हाड सापडलं, ना दात. शास्त्रज्ञ हा प्राणी मानत नाहीत.

हे सगळं भाच्याला तोंडपाठ होतं. "मग खोटं आहे हे माहीत असून पाहतोस कशाला रे?" मी विचारलं. तो म्हणाला, "तू आधी बघ, मग बोल."

म्हणून एका मंगळवारी रात्री जेवणं उरकून आम्ही तिघं कोचावर बसलो. सिनेमा 'द लेजंड ऑफ बॉगी क्रीक', साल १९७२.

खरं सांगू? पहिली वीस मिनिटं मी मनातल्या मनात दुसऱ्या दिवशीच्या भाजीचा विचार करत होते. बदकं उडताहेत, कासवं पाण्यात शिरताहेत, ओढा वाहतो आहे, आणि एक माणूस संथ आवाजात आपल्या गावाची हकिगत सांगतो आहे. तो सात वर्षांचा असताना संध्याकाळच्या वेळी शेतातून एकटा घरी येत होता, तेव्हा त्याला रानातून ती किंकाळी ऐकू आली. त्यानंतर गावकरी एकेक करून आपापला अनुभव सांगतात. नट असे जवळजवळ नाहीतच. बरेचसे लोक गावातलेच, काही तर स्वतःचीच भूमिका करणारे. संवाद पाठ केलेले आहेत हे लगेच कळतं. कॅमेऱ्याकडे बघू नका असं सांगितल्यामुळे काहीजण अगदी ठरवून दुसरीकडे बघतात. मला आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सवातल्या नाटकांची आठवण झाली. पोस्टातले मामा शिवाजी महाराजांचे सरदार झाले तरी ते पोस्टातले मामाच राहायचे, पण पडदा पडेपर्यंत आपण जागचे हलायचो नाही!

आणि हळूहळू तसंच झालं. तो प्राणी धड दिसतच नाही. झाडाआड एक काळी सावली, दूरवर शेत ओलांडणारं काहीतरी, बस्स. पोशाख करायला पैसे नसले की दिग्दर्शकाला अंधाराचा आसरा घ्यावा लागतो. आणि अंधारात काय आहे हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. बाई, माझ्या अंगावर काटा आला तो त्यामुळेच.

शेवटाकडे एक प्रसंग येतो. दोन तरुण जोडपी ओढ्याजवळचं एक घर भाड्याने घेऊन नुकतीच राहायला आली आहेत. नवरे रात्रपाळीला गेलेले. घरात बायका आणि पोरंच. बाहेर पावलं वाजतात. एक बाई म्हणते काही नाही, वारा असेल. दुसरी गप्प. पुन्हा आवाज होतो.

नेमकी इथे धाकटी उठली. "दूध ठेवलंय गॅसवर," म्हणून आत गेली. अमेरिकेत कोणी दूध तापवत नाही, हे मला तिथे आठवडाभर राहून कळलं होतं. पण मी काही बोलले नाही.

सिनेमा संपल्यावर भाचा म्हणाला, "मावशी, ते गाव इथून तीन-साडेतीन तासांवरच आहे. फाऊक. आई दरवेळी म्हणते, बाबा आले की जाऊ. आणि बाबा आले की गवत कापायचं असतं, सामान आणायचं असतं." मी धाकटीकडे पाहिलं. "का गं, तुला गाडी चालवता येते ना?" ती म्हणाली, "येते, पण एवढ्या लांब मी एकटीने कधी नेली नाही." मी म्हटलं, "एकटी कुठे? मी आहे की." आता माझा उपयोग फार तर पुऱ्या भरवण्यापुरता, पण तेवढ्याने ती तयार झाली. शाळेला सुट्टी लागली होतीच. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, कैरीचं लोणचं आणि थर्मासभर चहा घेऊन निघालो.

पहिला तासभर धाकटीने स्टिअरिंग असं घट्ट धरलं होतं, की कोणी हिसकावून नेणार आहे. दोन्ही बाजूंनी मोठाले ट्रक जात होते. ती बोलत नव्हती, म्हणून मीही बोलले नाही. मग शहरं मागे पडली, रस्त्याच्या कडेला उंच पाइनची झाडं सुरू झाली, आणि तिने पहिल्यांदा पुरी मागितली. मी सुटकेचा श्वास टाकला.

सुमारे १८० मैलांवर, म्हणजे पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरवर टेक्सार्काना लागतं. नाव गमतीचं आहे ना? टेक्सास, अर्कान्सा आणि लुइझियाना या तीन नावांचे तुकडे जोडून केलेलं. शहर दोन राज्यांत विभागलेलं. मधल्या स्टेट लाइन ॲव्हेन्यूवर पोस्ट ऑफिस आणि कोर्ट यांची जी इमारत आहे, ती बरोबर सीमारेषेवर उभी आहे. एक पाय टेक्सासमध्ये आणि एक अर्कान्सामध्ये ठेवून फोटो काढायचा रिवाज आहे. मीही साडी सावरत तो पाळला.

तिथून जवळच पेरो थिएटर आहे. १९२४ साली बांधलेलं, नंतर नीट दुरुस्त करून जपलेलं. आम्ही बाहेरूनच पाहिलं. पण आमच्या सिनेमाची जन्मकथा याच गावाशी जोडलेली आहे, म्हणून ती इथेच सांगते.

चार्ल्स पियर्स नावाचा एक गृहस्थ टेक्सार्कानात जाहिराती तयार करण्याचा व्यवसाय करायचा. सिनेमा कधी केलेला नाही. १९७१ साली शेजारच्या फाऊक गावातल्या राक्षसाच्या बातम्या वर्तमानपत्रात येऊ लागल्या, तेव्हा याच्या डोक्यात आलं, की आपण यावर चित्रपट काढावा. जाहिरातींमुळे ओळखीच्या झालेल्या एका स्थानिक ट्रक-ट्रेलर कारखानदाराकडून त्याने कर्ज काढलं. दिग्दर्शन त्याचं, कॅमेरा त्याचाच. सगळा खर्च सुमारे एक लाख साठ हजार डॉलर सांगतात. हॉलिवूडच्या मानाने चणे-फुटाणेच. पुढे वितरणाला कोणी पटकन तयार होईना, तेव्हा त्याने टेक्सार्कानातलं हेच थिएटर (त्या वेळी त्याचं नाव पॅरामाउंट होतं) मिळवून सिनेमा लावला, आणि लोकांनी रांगा लावल्या. पुढे देशभर, विशेषतः मोटारीत बसून बघायच्या उघड्यावरच्या थिएटरांतून, तो इतका चालला की दोन कोटी डॉलरच्या वर उत्पन्न झालं असं म्हणतात. रक्तपात नाही, अचकट-विचकट काही नाही, त्यामुळे मुलाबाळांसह बघायची परवानगी होती. तिकिटबारीवर त्याचा फायदा किती झाला असेल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. घरातली सगळी उठून ज्या सिनेमाला जातात, तो सिनेमा चालतो!

पियर्स २०१० साली गेला. त्याच्या मुलीने जुन्या, फिक्या पडलेल्या प्रती शोधून सिनेमा पुन्हा लखलखीत करून घेतला, आणि २०१९ साली तो याच थिएटरात परत दाखवला. वडिलांच्या वस्तू नीट पुसून ठेवणाऱ्या लेकी सगळीकडे सारख्याच, नाही का?

टेक्सार्कानाहून फाऊक पंधरा-सोळा मैल. वाटेत सपाट शेतं, गुरं, मधूनच एखादं चर्च. गावात शिरल्यावर भाचा जवळजवळ ओरडलाच. रस्त्याच्या कडेला 'मॉन्स्टर मार्ट' नावाचं दुकान, आणि दर्शनी भागावर भला मोठा केसाळ राक्षस! आत तेच नेहमीचं. शीतपेयं, चिप्स, ब्रेड. आणि त्यासोबत राक्षसाच्या चित्राचे सदरे, पेले, टोप्या, वर्तमानपत्रांची जुनी कात्रणं, आणि तीन बोटांच्या पावलाचा साचा.

हो, तीनच बोटं! ही हकिगत १९७१ सालची. मे महिन्याच्या सुरुवातीला इथल्या एका घरात, सिनेमात दाखवलं तसंच, रात्री काहीतरी आलं. कोचावर झोपलेल्या बाईला खिडकीतून हात आत आलेला दिसला. घरातल्या पुरुषांनी बंदुका झाडल्या. तिचा नवरा अंगावर ओरखडे आणि मनाला धक्का घेऊन टेक्सार्कानाच्या इस्पितळात दाखल झाला. ते कुटुंब त्या घरात राहायला येऊन आठवडाही झाला नव्हता. लगेच त्यांनी घर सोडलं. टेक्सार्कानाच्या वर्तमानपत्राने बातमी दिली, ती देशभर पसरली. महिन्याभराने सोयाबीनच्या शेतात तीन बोटांचे ठसे सापडले. लिटल रॉकच्या केएएवाय रेडिओ केंद्राने राक्षसाला पकडून देणाऱ्यास १,०९० डॉलरचं इनाम लावलं. आकडा असा विचित्र का, तर रेडिओवर ते केंद्र १०९० वर लागायचं! म्हणजे इनामाचं इनाम आणि जाहिरातीची जाहिरात. शिकारी, पत्रकार, बघे यांची गावात झुंबड उडाली. इथल्या भागाचे जाणकार, पुरातत्त्वज्ञ डॉ. फ्रँक शॅमबाख यांनी ठसे पाहून ते बनावट असल्याचं सांगितलं होतं. माणसाच्या आणि वानराच्या कुळात पायाला बोटं पाच असतात, तीन नव्हेत. पण तोवर गोष्ट गावाबाहेर पडली होती. बाहेर पडलेली गोष्ट कधी परत येते का?

आणि खरं सांगायचं तर गावात सगळेच काही खूश नव्हते. आपली नावं, आपली घरं पडद्यावर गेली, पैसे मात्र दुसऱ्याने केले, असं वाटणारेही होते. आपल्या भीतीची थट्टा होते, हेही काहींना लागलं. पुढे मात्र गावाने तडजोड केली. आता राक्षसाच्या नावाने जत्रेसारखा उत्सवही भरतो.

दुकानात आणखी एक जोडपं आलं होतं, साठीच्या पुढचं, ओक्लाहोमा राज्यातलं. माझ्या साडीकडे पाहून बाईंनीच बोलणं काढलं. त्या लहानपणी हा सिनेमा वडिलांच्या ट्रकच्या मागच्या हौद्यात गोधड्या अंथरून, चौघा भावंडांत बसून पाहिला होता. "घरी आल्यावर वडिलांना सगळ्यांच्या पलंगाखाली वाकून बघावं लागलं," त्या सांगत होत्या, "आणि तरीही आम्ही चौघं एकाच पलंगावर झोपलो. आता वडील नाहीत, एक भाऊही नाही. सिनेमा लावला की तो पलंग परत मिळतो."

मला एकदम आजोळची पडवी आठवली. दिवे गेलेले, आजी जात्याजवळ बसलेली, मामा मुंज्याची गोष्ट सांगतो आहे, आणि आम्ही सारी भावंडं एकमेकांच्या पायांत पाय घालून बसलो आहोत. त्या गोष्टीतला मुंज्या मला आज नीट आठवत नाही. थोरल्या मावसभावाचा माझ्या हाताला लागलेला घामेजलेला हात मात्र आठवतो.

हे सिनेमे लोकांना का आवडतात, याचं उत्तर मला त्या दुकानात थोडं थोडं कळू लागलं. मोठ्या खर्चाच्या सिनेमात सगळं इतकं खरं दिसतं, की आपल्याला करायला काही उरत नाही. स्वस्तातल्या सिनेमात अर्धं काम बघणाऱ्यावर सोपवलेलं असतं. भाच्याने गाडीत मला २०१३ सालच्या 'विलो क्रीक'विषयी सांगितलं होतं. त्यात एक तरुण जोडपं रात्री रानात तंबूत बसून बाहेरचे आवाज ऐकतं, आणि जवळजवळ वीस मिनिटं कॅमेरा दुसरं काही दाखवतच नाही! १९९९ च्या 'ब्लेअर विच प्रोजेक्ट'ने जग घाबरवलं, त्याच्या एका दिग्दर्शकाने, डॅनियल मिरिक याने, लहानपणी पाहिलेल्या 'बॉगी क्रीक'चं ऋण मान्य केलं आहे. असे सिनेमे काढता काढता माणसं शिकतातही. १९७६ सालच्या अशाच एका बिगफूटपटाचा, 'क्रीचर फ्रॉम ब्लॅक लेक'चा, छायाचित्रकार डीन कंडी पुढे 'ज्युरासिक पार्क'पर्यंत पोचला.

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? 'बॉगी क्रीक'च्याच वर्षी, १९७२ साली, रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' आला. त्याचं चित्रीकरण आपल्या महाबळेश्वरला झालं. कॅमेरा एका भावाकडे, आवाज दुसऱ्याकडे, असा सगळा घरचाच कारभार. पुढे १९९१ साली त्यांनी 'अजूबा कुदरत का' या नावाने यतीचा सिनेमासुद्धा काढला! थोडक्यात काय, फाऊक असो की महाबळेश्वर, घरच्या माणसांनी काटकसरीत केलेला फराळ थोडा जळला तरी आपण आवडीने खातो, त्यातलाच हा प्रकार.

संध्याकाळी उन्हं उतरल्यावर आम्ही ओढ्याकडे निघालो. दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं, की आजूबाजूची बरीचशी जमीन खाजगी आहे, आत शिरू नका, पुलाजवळूनच पाहा. गावाच्या दक्षिणेला सल्फर नदीच्या खोऱ्यात मैलोन् मैल पाणथळ रान पसरलेलं आहे. पाण्यातच उभी असलेली सायप्रसची झाडं, त्यांच्या बुंध्याशी वर आलेली गुडघ्यांसारखी मुळं. आपल्या खाडीकाठची तिवरं आठवतात. पाणी तपकिरी आणि इतकं निश्चल, की झाड कुठे संपतं आणि सावली कुठे सुरू होते, हे कळत नाही. बेडूक ओरडू लागले. हवा कोकणातल्या जूनसारखी, घामट. काजवे चमकायला लागले, आणि एवढ्यात रानातून एक आवाज आला. लांबलचक, चिरका.

आम्ही तिघं जागच्या जागी थिजलो. धाकटीने माझा दंड धरला तो असा, की दोन दिवस वळ राहिला. मग भाचा हळूच म्हणाला, "घुबड आहे. बार्ड आऊल." तिकडच्या रानात ती जात आहे, आणि ती अशी ओरडते. आम्ही हसायला लागलो. हसता हसता धाकटी रडायला लागली.

मी घाबरले. विचारलं, "काय झालं गं?" मग गाडीच्या बॉनेटला टेकून, डास मारत मारत, तिने सांगितलं. दोन वर्षं झाली, हे फिरतीवर गेले की तिला रात्री झोप लागत नाही. लाकडी घर, रात्री गार पडलं की तुळया कुरकुरतात. मागचं दार लावलं आहे ना, हे ती तीन-तीनदा उठून बघते. खालचे सगळे दिवे रात्रभर चालू ठेवते. यजमान विजेचं बिल बघून हसतात, तर ही म्हणते विसरले. आईला फोनवर सांगायची सोय नाही, कारण आई तिथे काळजीने आजारी पडेल. आणि यजमानांना सांगितलं तर त्यांना वाटेल, हिला एवढंसुद्धा जमत नाही. "काल तो सीन आला ना ताई, त्या दोघी बायकांचा... मला बघवेना. मला वाटलं, हे माझंच कोणी तरी चोरून टिपून घेतलंय."

मैत्रिणींनो, मी काय सांगणार तिला? लग्नानंतर आमच्या ह्यांची कारखान्यात तिसरी पाळी असायची. गावाबाहेरची नवी कॉलनी, आजूबाजूला निम्मे ब्लॉक रिकामे, आणि माझी मुलगी सहा महिन्यांची. मी उशाखाली लाटणं घेऊन झोपायची. सकाळी हे यायच्या आत ते परत पोळपाटाशेजारी ठेवून द्यायची. आजवर मी हे कोणालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी, घरापासून हजारो मैलांवर, एका चिखलाच्या ओढ्याकाठी मी ते धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "लाटणं?" आणि आम्ही पुन्हा हसत सुटलो.

भाचा इतका वेळ पुलाच्या कठड्याशी उभा होता. आम्हाला वाटलं, त्याचं लक्ष काजव्यांकडे आहे. तो तिथूनच म्हणाला, "आई, मला माहीत आहे तू रात्री उठतेस ते. मी पण जागा असतो. म्हणून तर मी हे सिनेमे बघतो. त्यात निदान काय आहे ते शेवटी दिसतं. आणि बंद करता येतं."

बारा वर्षांचं पोर! धाकटीने त्याला जवळ घेतलं. मला तर काही बोलताच येईना.

परतीच्या वाटेवर मी त्या सिनेमाचा विचार करत होते. त्यात दलदलीत आत, एकटा झोपडीत राहणारा एक म्हातारा आहे. राक्षसाच्या सगळ्यांत जवळ राहणारा, आणि तोच म्हणतो, की मी कधी काही पाहिलं नाही, माझा विश्वास नाही. आणि शेवटी ती सात वर्षांची आठवण सांगणारा मोठा झाल्यावर आपल्या पडक्या घराशी परत येतो, तेव्हा ती किंकाळी पुन्हा एकदा ऐकू यावी असं त्याला वाटतं. पहिल्यांदा पाहताना मला ते वेडेपणाचं वाटलं होतं. आता वाटत नाही. ज्या भीतीबद्दल आपण चारचौघांत बोललो, हसलो, ती पुढे आपल्या घरातलीच होते. न बोललेली तेवढी रात्रभर जागी ठेवते.

धाकटीने रात्रीचे तीन तास गाडी चालवली. मी चहा देत राहिले. बाराच्या सुमाराला घरी पोचलो. घर अंधारात होतं, कारण निघताना दिवे लावायचे राहिले होते. ती कुलूप काढून सरळ आत गेली.

गुरुवारी रात्री यजमान आल्यावर तिने त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला विचारायचं सुचलंच नाही." आता दाराला आवाज करणारी घंटा बसवली आहे, शेजारच्या आजीबाईंकडे एक किल्ली दिली आहे, आणि रोज रात्री दहाला त्यांचा फोन येतो. जिन्यातला एक दिवा अजून रात्रभर जळतो. जळू दे.

तुमच्यापैकी कोणी मुलाबाळांकडे टेक्सासला जाणार असाल, तर फाऊकला जरूर जा. उन्हाळ्यात दमट उकाडा फार, तेव्हा मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा. डासांचं मलम, पाणी आणि शिदोरी बरोबर असू द्या. पायांत बंद बूट घाला, कारण पाणथळीत विषारी साप असतात. अंधार पडायच्या आत मोठ्या रस्त्याला लागा.

आणि जाणं जमणार नसेल, तर एक करा. मुलं असला एखादा सिनेमा लावून बसली की "काय हा फालतूपणा" म्हणून स्वयंपाकघरात जाऊ नका. दहा मिनिटं शेजारी बसा. त्यांना कशाची भीती वाटते हे कळेल, आणि कदाचित आपल्याला कशाची वाटते तेही सांगता येईल. गॅसवरचं दूध तेवढं आधी उतरवून ठेवा!